तेहेतीस मीटरचं वाण

पुक्... पुक्... पुक्-पुक्-पुक्! भागवतराव, आज सकाळपासून हा आवाज माझ्या कानात चालू आहे. आमच्या परसातल्या विहिरीवर वडिलांचं डिझेल इंजिन होतं, त्याचा. धुराड्यावर पत्र्याचा डबा उपडा घातलेला असे आणि प्रत्येक ‘पुक्’ला तो टोपी उचलून रामराम घातल्यासारखा उडे. त्या ठेक्यावर मी चौथीच्या पुस्तकातल्या सगळ्या कविता पाठ केल्या. (डिझेल संपलं की मीही कडव्याच्या मधेच थांबत असे. गुरुजी विचारत, पुढचं? मी सांगे, डिझेल संपलं. छडी बसे ती मात्र न संपणारी.)

तर मेहुणे भागवतराव व सौ. शिल्पाबाई यांना रेणापूरहून किशनरावाचा मनापासून रामराम. तुमचे गुडघे कसे आहेत? दुकानात उंच शिडीवर चढून केबलचे बंडल काढणं आता बंद करा. तुमच्या राजकन्येची परीक्षा चांगली गेली असेलच. इकडे मी ठीक. स्वयंपाक स्वतः करतो, म्हणजे खिचडी करतो. ती रोज वेगळ्या ठिकाणी लागते, तेवढाच बदल.

तुमचे उपकार कुठून मोजू? तारामतीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन तुम्ही उदगीरला करवून घेतलंत, बहिणीला महिनाभर ठेवून घेतलंत, आणि वर या अधिकात सत्तरीच्या जावयाला धोंड्याचं जेवण वाढलंत. सासरे गेल्यावर ही रीत बंद पडेल असं वाटलं होतं. पुरणाचा धोंडा पानात पडला तेव्हा माझे डोळे भरून आले. (तूप जास्त वाढलं म्हणून नव्हे.)

आता विजेची हकीकत. गेल्या दिवाळीत तारामती अंधारात परसातल्या न्हाणीकडे जाताना पडली आणि मनगट मोडून घेतलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तेव्हाच मी ठरवलं की न्हाणीपाशी दिवा लावायचा. मी लातूरच्या बाजारात जाऊन वायर आणली. लाल, पिवळी, निळी, हिरवी! दुकानदार कामाचं विचारत होता आणि मी रंग बघत होतो. लहानपणी पतंगाला असे रंग मिळाले असते तर, या विचारात सगळे घेऊन आलो. ती वायर शेवग्याच्या फांद्यांवरून न्हाणीपर्यंत नेली. दिवा लागला, तारामती प्रसन्न झाली. तिसऱ्या दिवशी वानरांची टोळी आली. एकाने वायरीला धरून झोका घेतला. झोका उंच गेला, वानर कौलावर गेलं, दिवा विहिरीत गेला. वीज नेमकी गेलेली होती, म्हणून वानराचा वंश टिकला.

मग मी तीच वायर पांढऱ्या पातळ पाइपात घालून वीतभर मातीत पुरली. तेव्हा तुम्ही फोनवर जे बोललात ते सौ. शिल्पाबाईंनी ऐकलं नसेल तर बरं. “दाजी, ती घरातली वायर हाय! तिला ऊन सोसंना, वल सोसंना. आन् ती पाइप काळ्या रानात टिकत असती व्हय? रान उन्हाळ्यात भेगाळतंय, पावसात फुगतंय. पाइपीचा जोड निसटला की उंदराला आयतं बीळ!” तुमची वाणी खरी ठरली. वैशाखात भेग पडली, जोड उघडला, आणि आत घुशीने संसार थाटला. वायरीचा हिरवा रंग तिला विशेष आवडला असावा, तेवढाच खाल्ला.

म्हणून अधिकाच्या वाणाला तुम्ही अंगठी काढलीत तेव्हा मी म्हणालो, भागवतराव, माझ्या बोटाला आता गाठी आल्या, मला केबल द्या. आणि काय केबल दिलीत हो! काळीभोर, जाड, पोटात पोलादी तारांचं चिलखत घातलेली. अधिकाचं वाण म्हणून शिल्पाबाईंनी मोजून तेहेतीस मीटर कापायला लावली आणि हळदकुंकू लावलं. संक्रांतीला तुम्ही टेपाने मोजलं तेव्हा विजेच्या मीटरपासून न्हाणीपर्यंत एकतीस भरले होते. रीतीची रीत झाली आणि दोन मीटर हाताशी उरले. अनारशांच्या जागी आर्मर्ड केबल घेणारा जावई अख्ख्या जिल्ह्यात मीच असेन.

चर खणायला पिराजीला बोलावलं. तुम्ही सांगितलं तसंच सगळं केलं. अडीच फूट खोल, तळाला वाळू, वरून पुन्हा वाळू आणि विटा, म्हणजे उद्या कुणाची कुदळ पडली तर आधी वीट बोलेल. जमिनीतून भिंतीवर चढते तिथे लोखंडी पाइप. पण पिराजीला सरळपणाचं फार वेड.

“किशनकाका, सरळ खांदतो.”

“इथे नको, इथे इंजिन होतं.”

“व्हतं ना? आता तर न्हाई ना?”

तरी तिथून वळसा घेतला. पुढे मोगरा. लग्नाच्या वर्षी तारामतीने तुमच्या अंगणातून आणलेला. मी रोज सकाळी त्याला तांब्याभर पाणी घालतो. (यंदा फुलं दिसली नाहीत, उन्हाचा कडाका होता.) त्याच्या मुळांना कुदळ लागू नये म्हणून चांगला ऐसपैस वळसा घेतला. पिराजी म्हणाला, “काका, ही नाली हाय का नागीन?” मी हसलो. आयुष्य तरी कुठे सरळ रेषेत जातं?

बाकी सर्व क्षेम. तारामती रविवारी येणार. तोवर न्हाणीपाशी दिवा लागलेला असावा, नव्या डोळ्याने तिने तो आधी पाहावा, एवढीच इच्छा. आभाळ भरून येतंय, पाऊस पडला की चराचा चिखल होणार. तुमच्या उपकारांत असलेला,

किशनराव

ता. क. – केबल अंथरली. न्हाणी पाच-सहा मीटर पुढे राहिली. मातीत जोड द्यायचा न्हाई म्हणजे न्हाई, हे तुमचेच शब्द. वाण परतही करता येत नाही, आणि दुसऱ्यांदा मागणारा जावई कसा दिसतो हे मला कळतं. तरी रविवारच्या आत चाळीस मीटरचा अखंड तुकडा एसटीत टाकता येईल का?

ता. क. २ – हे तारामतीला कळू देऊ नका. ती वळशांचं कारण विचारील.

ता. क. ३ – पाकीट चिकटवत होतो तर दाराची कडी वाजली. पाहतो तर काळा चष्मा लावून तारामती, आणि मागे पिशव्या घेतलेली तुमची राजकन्या! “डाक्टरनं आजच सोडलं. खिचडी करपल्याचा वास येशीपातुर येऊन राहिलाय,” म्हणाली. मग चष्मा वर करून तिने उंबऱ्यातूनच परसाकडे पाहिलं. चर पाहिला. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही.

“त्या मोगऱ्याला वळसा घातला व्हय?” हळू आवाजात म्हणाली. “आवो, त्यो मागल्या उन्हाळ्यातच वाळला. डोळा अधू व्हता तरी हाताला काड्या लागत व्हत्या. तुमी रोज पानी घालून राहिला, मंग म्या कशाला बोलू?”

पिराजी सरळ खणायला लागला आहे. तुमचे तेहेतीस पुरतात, उद्या दिवा लागेल. तेव्हा केबल पाठवू नका. तुमच्या अंगणातल्या मोगऱ्याचं एक रोप तेवढं पाठवा. एकच. तेहेतीस नकोत.