चालस म्हणजे तीन

६ डिसेंबर, तळोदा

शहाद्याच्या कॉलेजातल्या मॅडमचं काम धरलं. मिरची पावडरच्या एका कंपनीवर पीएच.डी. करतायत. भिंतीवरची जाहिरात, जीपवरचा भोंगा, मोबाइलवर येतं ते, पुडीवर फुकट चमचा... हे सगळं एका सुरात बोलतं का, आणि बोललं तर माल जास्त खपतो का. एवढंच. विषयाचं नाव मात्र हातभर लांब. मी किराणा दुकानं फिरायची, फॉर्म भरून आणायचे. प्रत्येक प्रश्नाखाली पाच चौकोन. पूर्ण असहमत, असहमत, तटस्थ, सहमत, पूर्ण सहमत. एक ते पाच. एकावर टिक. कंपनीचं नाव कुठे लिहायचं नाही, 'ब्रँड क' लिहायचं.

ताई म्हणे, "सुरतनं काम सोडं तसं हाई सोडू नको."
सुरतच्या आधीचं नाशिकचं तिला आठवत नाही, बरं आहे.

आज ११ फॉ.

९ डिसेंबर, प्रकाशा

प्रश्न चौथा: 'सदर ब्रँडच्या विविध माध्यमांतील संदेशांत एकवाक्यता आहे असे आपणास वाटते काय?' तळोद्यात वरवरच विचारले होते, आज पहिल्याच दुकानात पूर्ण वाचला. दुकानदार तराजू धरून उभा. "मराठीमा बोल ना भो."
म्हटलं मराठीच आहे.
"हाई सरकारी शे."
गिऱ्हाईक हसले. मी पण.

मग वाचणं बंद केलं. सरळ विचारायचं, क कसा शे? सगळे एकच सांगतात. "चालस." म्हणजे चालतं, ना इकडे ना तिकडे. तटस्थ. तीन. सगळ्या चौकोनांत तीन मारायचे, खाली दुकानाचं नाव, पुढे. झटपट होतं. दुपारपर्यंत १९.

नंतर नदीवर गेलो. गुजरातचे यात्रेकरू होते, त्यांचा एक म्हातारा चप्पल शोधत होता. त्याच्यासोबत शोधत बसलो. सापडली नाही. त्याला विशेष वाईट वाटलं नाही. पाच वाजून गेले.

१४ डिसेंबर

मॅ.ना ६० फॉ. दिले. स्टाफरूममध्ये बसवलं, चहा दिला. मॅ. सांगलीकडच्या, इथे सहा वर्षं. पीएच.डी.ला पण तेवढीच झाली. विद्यापीठाची ही शेवटची मुदतवाढ, ३१ जानेवारी. त्या दिवशी प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, परत पहिल्यापासून. सगळं त्यांनी बसचं टाइमटेबल सांगावं तसं सांगितलं.

"भटू, प्रत्येकाला प्रश्न वाचून दाखवतोस ना?"
"हो."

असं चटकन निघालं तोंडातून. चहा चांगला होता.

१८ डिसें.

भाऊजींच्या जीपमध्ये सहज बसलो, धडगावपर्यंत गेलो. काम नव्हतं. वाटेत एका घराची अख्खी भिंत क ची, लालभडक. कंपनीने रंगवून दिलेली. घरच्या बाईला अक्षरं वाचता येत नाहीत. मला मराठीत आणि भाऊजींना पावरीत विचारत होती, होळीच्या आधी परत रंगवायला येतील का? पुडी कधी आणली का विचारलं तर मान हलवली, नाही. घरची मिरची आहे. भिंत मात्र आवडते.

याला कोणता चौकोन? फॉर्म जवळ नव्हता. दोन दिवस तिकडेच राहिलो.

२९ डिसें., नंदुरबार

शहरात २४ फॉ. रस्त्याच्या कडेला पथाऱ्यांवर मिरची वाळत पडलेली, नजर जाईल तिथवर लाल. नाक-डोळे गळतायत. एवढी मिरची पायाखाली असून पुडीची कोण घेतं, हे एका दुकानदाराला विचारलं. म्हणे, "कुटाले कोन बठस आते? सून म्हनस पुडी आना." हे फॉर्मवर लिहायला जागा नाही.

२ जानेवारी

१४० झाले. दिले. सुटलो. काही वाटलं नाही, ना बरं ना वाईट.

९ जाने.

मॅ.चा फोन. कॉलेजात बोलावलं. गेलो. कॉम्प्युटरवर सगळे फॉ. भरलेले. उभी रांग तीनची. वरपासून खालपर्यंत तीन. म्हणाल्या, यातून काहीच निघत नाही. सगळे सारखेच असले तर कशामुळे काय झालं ते सांगणार कसं? त्यांच्या गाइड सरांनी विचारलं म्हणे, पोराने झाडाखाली बसून भरले का?

म्हटलं, नाही मॅडम, गेलो होतो. एकूण एक दुकानात गेलो होतो.
"बरं."

ओरडल्या असत्या तर चाललं असतं. म्हणाल्या, दहा दुकानांचे शिक्के घेऊन ये, सरांना दाखवायला.
बाहेर येऊन भजी खाल्ली. मग आणखी एक प्लेट.

११ जाने., म्हसावद

शिक्क्यांसाठी नानाच्या दुकानात. डिसेंबरात इथे तीन मारले होते. फळीवर क ची जागा मोकळी. विचारलं, संपना का?

"मांगे सांगं ना तुले, चालस! गाडी येस आनि दोन दिनमा खाली. पोरी त्या चमचासाठे भांडतीस."

मी तसाच उभा. शेजारी दुसऱ्या कंपनीची पुडी होती, धूळ बसलेली. म्हटलं, आनि हाई?
नानाने हात उलटा केला. "हाई... चालस."

तोच शब्द. पहिल्यात 'चा' वर जोर. दुसऱ्यात शब्द ओठांवरून घरंगळत गेला. पहिला पाच, दुसरा फार तर दोन. हा शब्द मी जन्मापासून ऐकतो. दोन्ही तीन धरले.

नाना शिक्का मारता मारता, "काय झायं? तोंड कसाले उतरनं?"
काही नाही म्हटलं. शहाद्यापर्यंत उभ्याने आलो. बसायला जागा होती.

१२ जाने.

सांगून टाकलं. मॅ.नी सगळं ऐकून घेतलं.
"म्हणजे तू प्रश्न वाचलेच नाहीस."
"नाही."

मला वाटलं जा म्हणतील. त्यांनी कागदावर 'चालस' लिहिलं आणि म्हणाल्या, दोन्ही तऱ्हेने म्हणून दाखव. म्हटलं. त्यांना फरक कळेना. परत म्हटलं. परत. शिपाईमामा दारात पाणी घेऊन थांबलेले, म्हणे, "मॅडम, पहिलं खरं चालस, दुसरं नुसतं चालस." मॅ. हसल्या. लगेच थांबल्या.

मग सरांचं सांगितलं. सर म्हणतात, काही तीनचे चार करा, काही दोन करा, कोण बघतंय.
"तुम्ही करणार?"
"मला कुठला चार आणि कुठला दोन ते कळायला हवं ना आधी."

ही गंमत होती का काय, समजलं नाही. ठरलं: १४० परत. या वेळी प्रत्येक प्रश्न आपल्या बोलीत करून विचारायचा. जास्तीत जास्त २८ तारखेपर्यंत.

१६ जाने., प्रकाशा

तराजूवाला: "परत उना? नापास झाया का?"
हो म्हटलं.
स्टूल दिलं. सगळे प्रश्न ऐकले. चौथ्याला म्हणे, "देख, भोंगावाला वरडस, तिखटजाय! पुडीवर लिखेल शे, कमी तिखट, पोरंसोरंबी खातीस. गिऱ्हाईक माले इचारस, खरं काय? मी काय सांगू?" पूर्ण असहमत. एक. पण पुढे खप विचारला तर पाच. चमच्यामुळे.
एका फॉर्मला अर्धा तास. दिवसात ५.

२० जाने.

आज एक पण नाही. शहाद्याला बैलबाजार भरला होता. नुसता बघत फिरलो. एकाने मला दलाल समजून भाव करायला रुमालाखाली हात धरला, मी पण सोडला नाही थोडा वेळ. संध्याकाळी ताईने विचारलं किती झाले. आठ सांगितले. ती पोळ्या लाटत होती, वर पाहिलं नाही.

मॅ.चा फोन दोनदा येऊन गेला.

२५ जाने.

११. सगळ्यात जास्त. पाय नाहीत. उत्तरं आता सारखी येत नाहीत. भिंत आवडते पण पुडी नको. पुडी चालते पण भोंगा डोकं खातो. एक म्हणे जाहिरातीचं माहीत नाही, मालवाला पोऱ्या बोलायला चांगला आहे म्हणून ठेवतो. मॅ.ना फोनवर वाचून दाखवलं तर मध्येच थांबवत होत्या, "हळू, हळू, लिहून घेते."

२८ जाने., कॉलेज

७८. शेवटच्या दिवशी कुठे लग्न, कुठे कुलूप, एकाने हाकललं.

सरांशी मॅ.चं फोनवर बोलणं माझ्यासमोरच झालं. शंभराच्या खाली फॉर्म चालणार नाहीत. वीस तारीख मनातून गेली नाही, पण मी ते बोललो नाही. २२ कमी. उद्या आणि परवा छपाई, बाइंडिंग.

मॅ.नी कोरे बावीस काढून टेबलावर ठेवले. मग एक कागद दिला. 'सर्व प्रश्न उत्तरदात्यांस प्रत्यक्ष वाचून दाखविले आहेत.' खाली माझं नाव टाइप केलेलं, सहीला रेघ.

"तुला पहिल्या वेळचे आठवतात का रे? कोण कसं म्हणालं होतं?"
"काही."
"किती?"
"दहा-बारा असतील."

भर म्हणाल्या नाहीत, भरू नको पण नाही. तासाची घंटा झाली, खडू घेऊन वर्गावर गेल्या. दारात थांबल्या. "भटू, मला नाही कळणार तू काय केलंस ते. खरंच नाही कळणार." आणि गेल्या.

पहिला फॉर्म ओढला. तळोदा बसस्टँडसमोरचं दुकान. म्हातारा गल्ल्यावर बसलेला, सुपारी चघळत. चालस म्हणाला होता. मी त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हतो, पुढच्या दुकानाची पाटी वाचत होतो. जोर कुठे होता. 'चा' वर होता बहुतेक. का सुपारी इकडून तिकडे केली म्हणून तसं...

तळोद्याची गाडी पावणेचारला आहे. आता तीन वीस.