जागृतीचं पहिलं वाक्य

प्रिय कशिश,

ईदला नेरळला तुझ्याकडे येऊन गेले, तेव्हापासून तुला निवांत लिहायचं मनात आहे. फोनवर तू एकीकडे भाकऱ्या थापत असतेस, मी शाळेच्या व्हरांड्यात उभी असते, आणि महत्त्वाचं ते राहूनच जातं. डी.एड.ला एका खोलीत राहूनही आपण एकमेकींना चिठ्ठ्या लिहायचो, आठवतं? भांडण झालं की तर नक्कीच. आज भांडण नाही, पण बसले आहे लिहायला.

यंदा माझ्याकडे पहिलीचा वर्ग आला. कुंभिवलीच्या आसपासची मुलं. कुणाचे आईबाप हायवेवरच्या कारखान्यांत, कुणाचे शेतात. त्यांत डोंगरातल्या वाडीवरची जागृती. शाळा सुरू झाल्यापासून ती वर्गात एक शब्द बोलली नव्हती. नाव विचारलं तरी खाली बघायची. पण अक्षरं मात्र फळ्यावरून हुबेहूब उतरवायची, इतकी सुबक की बघतच राहावं. तुला ठाऊक आहे, असं गप्प मूल किती शहाणं दिसतं. मात्र तिनेच लिहिलेल्या ‘कमळ’वर बोट ठेवून हे काय गं, असं विचारलं की काहीच नाही. अक्षरं तिच्या हातात उतरली होती, अर्थ कुठेच नव्हता. आमच्या एक बाई म्हणाल्या, कान तपासून घ्या हिचे.

आणि एका मधल्या सुट्टीत मी तिला ऐकलं. वाडीवरच्या दोन मुलींना ती चिंचेखाली तावातावाने काहीतरी सांगत होती, हातवारे करत, मोठ्या आवाजात. घंटा झाली, ती वर्गात आली आणि तोंड मिटलं. मला तिथल्या तिथे कळलं. पोरीचे कान शाबूत होते, जीभही. आपलं बोलणं या खोलीत चालत नाही, एवढाच एक धडा तिने पक्का केला होता.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक बंद करून ठेवलं. मुलांना म्हटलं, घरी काय घडलं ते घरी सांगता तसंच सांगा, मी फळ्यावर लिहिते. मुलं तुटून पडली. जागृतीची पाळी आली तेव्हा मी तिच्याजवळ सतरंजीवर जाऊन बसले आणि वाट बघत राहिले. वर्ग चुळबुळला, कुणीतरी तिच्या वतीने सांगायला लागलं, त्याला मी हाताने थांबवलं. शेवटी ती म्हणाली, “आमची शेली याली.”

मी ते तसंच लिहिलं. शेलीची शेळी केली नाही, यालीचं व्याली केलं नाही. शब्दाखाली बोट फिरवत वाचून दाखवलं. ती उठली, फळ्यापाशी आली, माझ्यासारखंच बोट फिरवून तिने ते वाचलं. मग करडं किती, कोणत्या रंगाची, सगळं मला लिहायला लावलं. त्या आठवड्यात ती वर्गभर ‘ल’ शोधत हिंडत होती. कुणाच्या नावात, कुणाच्या दप्तरावर.

मग तिचा बाप आला. विठू. कारखान्याच्या गोदामात माल चढवतो. दारात चपला काढून उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, आमची भाषा तिला येती. ती आमी घरी शिकवू. तुमी तुमची शिकवा. मी कंपनीत तोंड उघडलं का लोक हसतात. तिचं तसं नको.”

तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. मी त्याला बसवलं आणि सांगितलं, की पुस्तकातली भाषा तिला येणारच, ती जबाबदारी माझी. पण तिकडे जायला पायाखाली जमीन लागते आणि ती जमीन तुमच्या बोलण्याची आहे. दिवाळीनंतरच्या पालकसभेपर्यंत मला वेळ द्या, म्हटलं. त्याने मान हलवली. पटलं नव्हतं.

पुढे आम्ही तिच्या वाक्याखाली पुस्तकातलं वाक्य लिहायला लागलो. शेली, खाली शेळी. फरक शोधायचा हा तर मुलांना खेळच झाला. पालकसभेत जागृतीने फळ्यावरची दोन्ही वाक्यं वाचली आणि मग पुस्तकाचं एक न शिकवलेलं पान, अडखळत, पण अर्थ कळून. गमतीच्या ओळीला ती आपली आपण हसली. विठू उठून फळ्याजवळ आला. यातलं आपलं कुठलं, असं त्याने तिला विचारलं. तिने वरचं दाखवलं.

“हे मी बोलतो तेच हाय,” तो हळूच म्हणाला. “असं लिवता येतं व्हय?”

येतं, मी म्हटलं. त्याने त्या ओळीखाली बोट फिरवून पाहिलं. मग पोरीला म्हणाला, “परत वाच गं.”

आता हे सगळं तुला का लिहिलं ते सांगते. लेकीला नव्या इंग्रजी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून घरात आता फक्त इंग्रजी, असं ईदच्या दिवशी तू मला कौतुकाने सांगितलंस. तुझ्या माहिराने रंगांची नावं, प्राण्यांची नावं घडाघडा म्हणून दाखवली. मग मी तिला विचारलं, आज काय काय खाल्लंस? ती तुझ्या तोंडाकडे बघायला लागली. पलीकडे तुझ्या सासूबाई, अख्तरुन्निसाचाची, नातीला नुसत्या थोपटत बसल्या होत्या, कारण त्यांना इंग्रजी येत नाही. तू म्हणालीस, बघ, किती शांत झालीय माहिरा. कशिश, ती शांत झालेली नाही. तिचे शब्द तुम्ही काढून घेतलेत आणि दुसरे अजून आलेले नाहीत. इंग्रजी तिला येईल. मी स्वतः बसून शिकवीन, लिहून देते. पण आज संध्याकाळी तिला सासूबाईंच्या मांडीवर दे आणि तुमच्या कोकणीत दोघींना मनसोक्त बोलू दे. फराजला हे पत्र दाखव, बाप आहे तो तिचा. येत्या रविवारी मी येते आहे. मुक्काम करणार, आणि त्या पोरीने माझ्याशी पोटभर भांडल्याशिवाय परत जाणार नाही.

तुझीच, आणि माहिराच्या बाजूने,
हर्षला