गोड्या पाण्याचे फुगे

माय, काल अंगणवाडीत तुझी फार आठवण आली, आणि खोटं कशाला बोलू, चिडूनच आली. आपल्या संग्रामपूरकडचं बोअरचं पाणी अजून तसंच खारं आहे. साबण झिजून जातो, फेस म्हणून येत नाही. तू प्यायचं गोडं पाणी लांबच्या विहिरीवरून डोक्यावर आणायचीस. त्यातलं तांब्याभर मी एकदा साबणाचे फुगे करायला घेतलं, तर तू चुलीपुढून ताडकन उठून आलीस. “काय करून राह्यली वं? गोडं पानी का खेळाचं हाय?” असा धपाटा बसला की अजून पाठ आठवते. पण साबण तर पाण्यात पडलाच होता, आता ते पिणार कोण? मग तूच परसातल्या पपईच्या पानाचं देठ तोडलंस, दोन्ही टोकं कापून नळी केलीस आणि माझ्या हातात दिलीस. “हळू फुक, बाप्पा.” माझा फुगा होईना म्हणून तू स्वतः फुंकलंस. तो फुगा आढ्यापर्यंत जातो, तू तोंडाला पदर लावून हसतेस, आणि तव्यावर भाकर करपते. बाबांनी त्या दिवशी करपलेली भाकर मुकाट्यानं खाल्ली.

आता मीच अंगणवाडीची बाई आहे. माझ्याकडे एक चार वर्षांची पोरगी येते. तोंडाला कुलूप म्हणून नाही. “चिमणीले दात काऊन नाई? सावली भिंतीवर चढते कशी?” दिवसभर माझं डोकं खाते, आणि माझा सगळा जीव तिच्यात अडकलाय. तिचे आजोबा, आम्ही सगळे त्यांना आबाजी म्हणतो, जूनपासून तिला कॉन्व्हेंटात टाकायला निघाले. “इथं खिचडी भेटते बाई, पन शिकनं काय?” असं माझ्या तोंडावर म्हणाले. माझी जीभ तुला माहीत आहे. पण गिळलं. म्हटलं, “आबाजी, एकदा येऊन पाहा तं खरी, मंग खुशाल न्या.”

ते आले, खुर्ची ओढून बसले. मी साबण किसला, पातेल्यात पाणी घातलं, पोरांना तारेचे गोल आणि चौकोन वळून दिले. माय, पाणी बोअरचं घेतलं! इतकी वर्षं या पाण्यात लुगडी-चादरी धुतल्या, तरी गोडं पाणी घ्यायला हात धजला नाही. तुझ्या धपाट्याचा धाक, दुसरं काय! पाण्यावर पांढऱ्या गुठळ्या तरंगल्या. पोरं गाल फुगवून फुंकतात, आणि खाली नुसते थेंब. आबाजी मिशीत हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पोरगी पातेल्याशी उकिडवी बसली. “बाई, हे तं दुधावानी फाटलं. पानी खारं हाय म्हनून का? माह्या बाटलीतलं टाका.”

“गोडं पानी का खेळाचं हाय?” मी खेकसले, आणि स्वतःच दचकले. आवाज तुझा होता!

“थोडंसंच. करून तं पाहू.”

आबाजी म्हणाले, “टाका बाई. पोरगी ऐकाची नाई आता.”

दुसऱ्या पातेल्यात साबण, त्यात तिच्या बाटलीतलं पाणी. तिनं चौकोनी तार बुडवली, हळूच फुंकलं, आणि हा एवढा फुगा! अंगणवाडीत नुसता कल्ला. “तार चौकोनी, मंग फुगा गोल काऊन?” लागलीच प्रश्न. मी सांगितलं, फुग्याचं पातळ कातडं आतल्या हवेला सगळीकडून सारखंच आवळतं, म्हणून गोल. तिला ते पटलं नाही. “तीन कोनाची करा.” तार आबाजींनी हिसकावून वळवली, जोरात फुंकलं, फुगा त्यांच्याच मिशीवर फुटला. “आबाजी, हळू ना!” नातीनं दटावलं. मग सगळ्या पोरांनी आपापल्या बाटल्या पुढं केल्या, आणि बघता बघता साऱ्या रिकाम्या.

तेवढ्यात आबाजी उठले, गाडीला किक मारून निघून गेले. वाटलं, झालं, पोरांचं प्यायचं पाणी उधळलं म्हणून रागावले. आता उद्यापासून पोरगी नाही.

ते परत आले ते गोड्या पाण्याची भरलेली कॅन घेऊन. उंबऱ्यावर टेकवली, धाप टाकत म्हणाले, “अर्धी पेयाले, अर्धी फुग्याले. अन् बाई, जूनमधी पोरगी इथंच येईन. चालन ना?”

“पाहू,” मी तोऱ्यात म्हटलं. “तुमची मर्जी.”

हे पत्र आता तुला पाठवू कुठं? वहीतच राहील. पण माय, तुझ्यापासून काय लपवायचं. मर्जी कसली नि तोरा कसला! मी आतल्या खोलीत गेले, दार लोटलं आणि खिचडीच्या तांदळाच्या पोत्याला मिठी मारून रडले.