निळ्या टोपीवाल्याच्या कडा

इरी, सोमवार, २ मार्च १९९८

लेनर्ड,

तुझी पाठ आता कशी आहे? बेव्हर्लीला सांग, तिने दिलेली बीटच्या लोणच्याची बरणी संपली, चव झकास होती. इकडे तळं अजून गोठलेलंच आहे. कुशल एवढंच. आता पुढचं बसून वाच.

परवाच्या शुक्रवारी तू जे केलंस, त्याला माझ्याकडे चांगला शब्द नाही. लेंटच्या उपवासांचा पहिला शुक्रवार, चर्चच्या हॉलमध्ये अर्धं यंग्सटाउन मासे खायला जमलेलं, आणि तू कागदी बशी हातात धरून उभ्याने सांगतोस, "म्हाताऱ्याने आपल्यालाही गंडवलं! त्याचं ते निळ्या टोपीवाल्या बेसबॉल पिचरचं कार्ड तपासायला पाठवलं, तर दर्जाचा नंबर न देताच परत आलं. कडा कापलेल्या. झिजलेले कोपरे छाटून नवं म्हणून खपवणार होता." आणि वर हसलास. उचलली जीभ लावली टाळ्याला.

बाबांना जाऊन पाच महिने झालेत, लेनर्ड.

तू खुर्चीवर बसून दुसरा तुकडा घेतलास, तेव्हा डोम्बेककाका काटा हातात तसाच धरून बसले होते. "एमिल? आपला एमिल?" एवढंच म्हणाले. काल त्यांचा मला फोन आला. दरवर्षीच्या कार्डांच्या जत्रेला बाबांचं नाव द्यायचं ठरलं होतं ना, ते आता थांबलंय. चौदा तारखेला समिती बसणार आणि ठरवणार. "कार्डं कापणाऱ्याचं नाव फाटकावर कसं लावायचं, डोलोरेस, तूच सांग," असं त्यांनी मला विचारलं. बाबांबरोबर तीस वर्षं पोलादाच्या भट्टीवर घाम गाळलेल्या माणसाने.

तू त्याच घरात वाढलास ना? रविवारी चर्चहून आल्यावर बाबा हात धुवायचे, पुसायचे, आणि पुन्हा पाच मिनिटं नुसते बसायचे, बोटांत ओल राहू नये म्हणून. मगच खोका उघडायचा. कार्ड धरायचं ते फक्त कडेला. रबरबँड लावायचा नाही, त्याने कंबर कापते. तळघरात ठेवायचं नाही, ओल येते. माळ्यावर नाही, उन्हाळ्यात भाजतं. आतल्या भिंतीकडचं कपाट, वरून दुसरा कप्पा. आईचे बूट बाहेर पावसात गेले तरी चालतील, पण तो कप्पा कार्डांचा.

आणि तू काय केलंस? तू त्यांना आणलेली ती मऊ प्लास्टिकची पानं आठवतात? बाबांनी नाकाशी नेऊन हुंगली आणि म्हणाले, "न्हाणीघराच्या नव्या पडद्याचा वास येतोय. याला घाम फुटणार. माझी पोरं मी यात झोपवणार नाही." ते गेल्यावर तू सगळी पोरं त्यातच झोपवलीस, तीही तळघरात, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी! शनिवारी मी खाली जाऊन बघितलं. पानं चिकट झालीत. दोन कार्डांची शाई प्लास्टिकला लागून आली. आणि कार्डं बिघडवल्याचा ठपका कुणावर, तर बाबांवर.

शनिवारच्या अदलाबदलीच्या टेबलावर बाबा समोरच्याला आधी आपल्या कार्डाची खोड दाखवायचे, मग सौदा. डोम्बेककाकांना एकदा म्हणाले होते, "हा कोपरा बघ, दुमडलाय. मागे शाईचा डाग आहे. आता बोल, तरी देतोस तुझं?" काका चिडले होते, "अरे बाबा, तू विकायला बसलायस की कबुलीजबाब द्यायला?"

इथपर्यंत लिहिलं आणि उठून भांडी घासून आले. घासलेलीच होती.

लेनर्ड, ते कार्ड मी कापलं.

सत्तावन सालची गोष्ट. मी नऊ वर्षांची, तू सात. बाबांच्या वाढदिवसाला मी दहा-दहा सेंट साठवून काचेची छोटी चौकट आणली होती. मला वाटलं, त्यांचं लाडकं कार्ड काचेत राहिलं तर त्याला कुणाचा हात लागणार नाही, धूळ बसणार नाही. कार्ड केसभर मोठं निघालं. मी आईची शिवणाची कात्री घेतली, पट्टी ठेवली आणि चारही बाजू नीट कापल्या. अगदी सरळ. मला त्याचा अभिमान वाटत होता.

बाबांनी चौकट हातात घेतली. चारही कडांवरून बोट फिरवलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "किती सरळ कापलंयस गं." मी काय केलं ते मला पंधराव्या वर्षी कळलं. त्या दिवशी मी रडत गेले त्यांच्याकडे, तर म्हणाले, "तू ते जपायला गेली होतीस. हे आपल्या दोघांत."

ते कार्ड त्यांनी चाळीस वर्षांत एकदाही टेबलावर मांडलं नाही. लोक मागायचे, दुप्पट देऊ करायचे, कंजूष म्हणायचे. मांडलं असतं तर खोड सांगावी लागली असती, आणि कुणी केली हेही विचारलं गेलं असतं. तू म्हणतोस लपवलं. हो, लपवलं. कापणारीला लपवलं.

आणि मी? तू बोलत होतास तेव्हा मी तुझ्यापासून तीन खुर्च्या पलीकडे बसले होते. एक वाक्य पुरलं असतं. पन्नाशीची बाई, नातवंडं असलेली, मान खाली घालून माशाचे काटे काढत बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर तिथेच बसून जेवतोय. तुझ्यावर चिडले आहेच. पण गेले तीन दिवस आरसा दिसला की तोंड फिरवते.

डोम्बेककाकांना याच टपालाने सगळं लिहून पाठवतेय. तेवढ्याने भागणार नाही. नाव मोडलंस भर हॉलमध्ये, तर जोडायचंही तिथेच. मी तेरा तारखेच्या शुक्रवारी येतेय. सगळे जेवायला बसले की मी उभी राहीन आणि कात्रीपासून सांगेन. तू माझ्या शेजारी उभं राहायचंस आणि बाबांची माफी मागायची, मोठ्याने, शेवटच्या टेबलाला ऐकू जाईल अशी. नाही राहिलास, तर मी एकटी बोलेन, पण मग बेव्हर्लीची लोणची मला पुन्हा पाठवू नका.

बाबांनी जिला चाळीस वर्षं पाठीशी घातलं, आणि जिने त्यांना एका जेवणापुरतंही पाठीशी घातलं नाही,
ती तुझी बहीण,
डोलोरेस