आमचं गाव निरंक

४ एप्रिल १९८३, सोमवार
अन् वर आरोग्य खात्याचे सायब मलाच इचारतात, सरजाबाई, गाव सुधारलं का? मग दोन वर्षं मी काय फुगडी खेळून राहिले? विहिरीत जंतू मारायची पावडर कोण टाकतं? आजारी माणसं वहीत कोण लिहितं? गावची आरोग्य रक्षक मीच. उस्मानाबादेत होतो तवा कुणी आमची पोटं मोजली न्हाईत. लातूर जिल्हा झाला अन् सायबाला दर सोमवारी हगवणीचा आकडा पाह्यजे. आकड्यावरून ठरणार, कोण्या गावचं काम चांगलं. पंचशीला नर्सबाई म्हणली, कुणी आजारी नसलं तर ‘निरंक’ लिहा. लई देखणा शब्द. आता दर सोमवारी हेच लिहिणार.

११ एप्रिल
निरंक. सून शिवकन्या चार दिवस परसाकडं पळून राहिली. पण ती माहेरून आलेली. म्हंजे हगवण माहेरची.

१८ एप्रिल
निरंक. शेजारच्या व्यंकटीला हगवण झाली ती कैऱ्यांची, पाण्याचं न्हाई. त्याची बायको म्हणली, मावशी, पळणाऱ्याला कारण इचारत बसू का? तिला अभ्यास न्हाई.

२५ एप्रिल
विहिरीचा तळ दिसला. टँकरचं पाणी तिच्यातच ओततात. घोटभर पाणी, त्यात पावडर काय टाकायची? राह्यली. गल्लीतले सिद्रामप्पा म्हणले, बाई, गाव निरोगी अन् परसाकडं रांग, हे कसं? म्हणलं, आप्पा, रांगेतले गप्पा मारत होते. आजारी माणूस गप्पा मारतो का? निरंक.

२ मे
सायबाची चिठ्ठी. तालुक्यात आपलं गाव पहिलं. उद्यापासून पावडर न चुकता टाकीन.

८ मे, दुपार
मीच सकाळपासून अकरा येळा परसाकडं. ऊन लागलं.

९ मे, सोमवार
आज सतरा येळा. शिवकन्याची तान्ही पोरगीबी आजारी पडली. नर्सबाईला म्हणलं, मीठ-साखरेच्या पुड्या काढ. म्हणली, पुड्या आकडा बघून देतात. शेजारच्या गावानं चाळीस लिहिले, त्यांना पेटी भरून आल्या. आपल्याला किती, इचारलं. तिनं कागद दाखवला. आपल्या गावापुढं लिहिलेलं, निरंक.
शिवकन्यानं पाणी उकळलं, मीठ-साखर कालवली, पोरीला पाजलं, मलाबी. म्हणली, आत्याबाई, प्या. माझ्या माहेरी असंच करतात.
सायबाला कागद धाडला. मोजणारी बाई मोजण्यात धरायची का न्हाई? अन् धरली तर पुड्या कवा? १६ तारखेच्या सोमवारपस्तोर लेखी उत्तर पाह्यजे.