सत्यनारायणाच्या दिवशी फायनल

अल मनखूल, बर दुबई
फेब्रुवारी १९९८

तीर्थस्वरूप आबा यांस,

दुबईहून चंद्रहासचा वाकून नमस्कार (कमरेत उसण भरली आहे, तरी पूर्ण वाकून). इकडे आम्ही सर्व सुखरूप आहोत. आपला गुडघा कसा आहे? नीलिमा म्हणते की बरा आहे, पण तिला आपण फोनवर सगळं बरंच सांगता. मी स्वतः विचारलं असतं, पण गेल्या वर्षीच्या फुटबॉल फायनलपासून मी केव्हाही फोन केला की स्वयंपाकाच्या ठकुबाई उचलतात आणि आबा अंघोळीला गेलेत म्हणून सांगतात. सकाळी केला तरी अंघोळ, संध्याकाळी केला तरी अंघोळ. परवा तर नीलिमा तुमच्याशी बोलत होती, मी रिसीव्हर हातात घेतला आणि तेवढ्यात तुम्ही अंघोळीला गेलात. कोल्हापुरात पाणी मुबलक आहे हे ऐकून समाधान वाटलं. रणजित बारावीच्या परीक्षेचा अभ्यास करतो आहे (म्हणजे पुस्तक उघडं असतं). जूनमध्ये त्याला कोल्हापूरला धाडायचं आहे. कुठल्या कॉलेजात, हे तो जन्मला त्या दिवशीच ठरलेलं असल्यामुळे त्याबद्दल वेगळं लिहीत नाही.

आबा, तुम्ही टेंबलाई कॉलेजचे जिमखाना प्रमुख होतात, मी पंचगंगा कॉलेजचा. होतो नव्हे, आहे. मी कधी टीममध्ये नव्हतो हे तुम्ही चारचौघांत अनेकदा सांगितलं आहे. खरं आहे. मी लिंबू-पाण्याची बादली सांभाळत असे. पण खेळणारी पोरं तीन वर्षांत पास होऊन (किंवा न होऊन) निघून जातात, बादलीवाला मात्र आयुष्यभर टीमचाच राहतो. शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या माझ्या वर्कशॉपचं शटर मी पंचगंगेच्या मरून-पिवळ्या पट्ट्यांत रंगवून घेतलं आहे. एसीचे पत्र्याचे डक्ट करून घ्यायला येणारी गिऱ्हाइकं ते बघून मिठाईचं दुकान समजतात आणि पुढे जातात, तरी मी रंग बदललेला नाही. इतक्या वर्षांत पंचगंगेने चषक जिंकला नाही, हा भाग वेगळा. आणि सासरे टेंबलाईचे आहेत हे मला लग्नाच्या पंगतीत कळलं. जिलबी वाढायला तुमची अख्खी टीम आली होती. तुमच्या सेंटर फॉरवर्डने माझ्या पानात एकच जिलबी वाढली, ती मी अजून विसरलेलो नाही.

आता यंदाच्या फायनलचं. ती रविवारी होती. इकडे रविवारी कामाचा दिवस, म्हणजे माझी सोयच. वर्कशॉपच्या केबिनमध्ये बसून माझ्या पंचगंगेतल्या दोस्ताला, मधूला फोन लावायचा, मधूने त्याच्या दुकानाच्या माडीवरून (स्टेडियमसमोर, आपण ओळखता) मॅच बघत सांगायची, असा दरवर्षीचा रिवाज. पण कुणा पुढाऱ्याच्या सभेचा मांडव मैदानात रोवला गेला आणि फायनल लांबून शुक्रवारवर आली. शुक्रवारी आमच्याकडे सत्यनारायण! आमचे गुरुजी म्हणजे अरुणराव, एका कंपनीत अकाउंट्स बघतात आणि पूजा फक्त सुटीच्या दिवशी, शुक्रवारी सांगतात. त्यांची तारीख दोन महिने आधी धरावी लागते. मंदिराच्या गल्लीतून फुलं आणून झाली होती, मराठी मंडळाची माणसं बोलावून झाली होती. पूजा हलवणं शक्य नव्हतं आणि फायनल माझ्या हातात नव्हती.

घरात उघड ऐकायची सोय नाही. मागल्या वर्षी त्या पेनल्टीवरून (ती पेनल्टी नव्हती) मी तुम्हाला फोनवर रेफ्रीने मिसळ कुणाच्या घरी खाल्ली असं विचारलं, तुम्ही फोन आपटलात, तेव्हापासून नीलिमाने घरात फुटबॉलचं नाव काढायला बंदी केली आहे. म्हणून मी शेजारच्या शहनाझभाभींना गळ घातली. मधूचा फोन त्यांच्या घरी लावून ठेवायचा, त्यांनी ऐकायचं आणि काही घडलं की आमच्या दारात येऊन मला खूण करायची. भाभी हैदराबादच्या, फुटबॉलशी संबंध शून्य, मराठी कळतं ते भाजीपुरतं. पण फार भली बाई. नीलिमाने शिरा करायला त्यांचंच मोठं पातेलं आणलं होतं, म्हणून येण्या-जाण्याला निमित्तही होतं.

पूजा सुरू झाली. गुरुजींनी संकल्पाला पाणी सोडायला सांगितलं आणि म्हणाले, मनातली इच्छा मनातच म्हणा. मी म्हटली. कुठली ते तुम्हाला सांगायला नको. रिवाजाप्रमाणे नीलिमाने माझ्या हाताला हात लावला होता, आणि तिचेही ओठ हलत होते. मला वाटलं, रणजितच्या मार्कांचं मागत असेल. बायकोला अशा वेळी विचारायचं नसतं.

तिसऱ्या अध्यायात साधुवाण्याची नौका निघाली आणि भाभी दारात आल्या. खूण वगैरे काही न करता, भरल्या हॉलमध्ये स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "भाईसाहब, गोल हो गया."

माझ्या हातात तुळशीपत्रं. आणि आबा, माझ्या शेजारून, डोक्यावर पदर घेतलेल्या तुमच्या कन्येने विचारलं, "किनका हुआ, भाभी?"

भाभी म्हणाल्या, ते त्यांनी विचारलंच नाही. नीलिमाने त्यांना पुन्हा पिटाळलं. गुरुजी पोथीत बोट घालून थांबले. मंडळाच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. भाभी परत आल्या आणि म्हणाल्या, "वो मधूभाई तो रो रहे हैं." त्यावर आम्हा दोघांनाही एकदमच निकाल कळला. नीलिमाने पुढची आरती अशी खणखणीत म्हटली की खालच्या मजल्यावरचा मिसरी (म्हणजे इजिप्तचा) कुटुंबप्रमुख विचारपूस करायला वर आला. त्याला प्रसाद दिला. हबीबी हबीबी करत दोनदा घेऊन गेला.

पाहुणे गेल्यावर मी तिला विचारलं. तिने सरळ सांगितलं की संकल्पात तिने टेंबलाईची जीत मागितली होती. म्हणजे विचार करा, एकाच हातून एकाच पळीभर पाण्यात देवाकडे दोन उलटसुलट अर्ज गेले, आणि हात माझा असून काम तिचं झालं. मी चिडणार होतो. पण ती म्हणाली, "आई गेल्यापासून आबांना वर्षातून एकच दिवस आनंदाचा असतो. तो मी तुमच्या टीमला कशी देऊ?" मग मला चिडता आलं नाही. वाईट वाटलं, हरल्याचं नव्हे. तुम्ही त्या एवढ्या घरात एकटे चषकाचे पेढे कुणाला वाटले असतील, ठकुबाईंशिवाय, असं वाटून वाईट वाटलं.

तर चषकाबद्दल अभिनंदन. मात्र मधू म्हणतो की गोल आमच्याच बॅकच्या पायाला लागून आमच्याच जाळ्यात गेला. याचा अर्थ संपूर्ण फायनलमध्ये गोल करणारा एकमेव खेळाडू पंचगंगेचा होता, हे इतिहासात नोंदलं जावं. बाकी क्षेम. गुडघ्याला तेल लावत जा.

आपला,
चंद्रहास

ता.क. मॅचचं वर्णन आलेला तिथला पेपर पाठवावा. हरलेल्या बाजूचं वर्णन लहान असलं तरी चालेल.

ता.क. २. खरं म्हणजे पत्र याचसाठी लिहिलं आहे. काल मी रणजितला पंचगंगेच्या प्रवेशाचं बोललो. तो म्हणाला, "नो बाबा, आय वॉन्ट आजोबाज कॉलेज." मी कारण विचारलं. मला वाटलं, जिंकणारी टीम म्हणून. तर म्हणाला, "ही इज अलोन, बाबा. आय विल स्टे विथ हिम." तेव्हा टेंबलाईत त्याच्या प्रवेशाचं आपण बघावं, ही हात जोडून विनंती. एवढे शब्द लिहायला मला तीन कागद फाडावे लागले.

ता.क. ३. पोरगा इथे इमारतीमागच्या वाळूत पोरांबरोबर गोलकीपर म्हणून खेळतो आणि बरा खेळतो. उद्या तुमच्या टीममध्ये घेतलात आणि पंचगंगेशी फायनल पडली, तर मी कुणाकडून, हे नीलिमा कालपासून विचारते आहे. पंचगंगेकडूनच. फक्त त्याच्या जाळ्यात बॉल जाऊ नये. आणि पंचगंगा जिंकावी. हे दोन्ही एकदम कसं जमवायचं ते शुक्रवारी फोनवर बोलू. तेवढी एक दिवस अंघोळ पुढे ढकला.