प्लॅस्टरातलं झुरळ

५ फेब्रुवारी १९७२
मिरजेच्या दवाखान्यात प्लॅस्टर फुकटात झालं. खरी किंमत वेगळीच — लालबीनं तीन महिने कूस बदलायची नाही! मणक्याला क्षय. काखेपासून कमरेपर्यंत पांढरं कवच. पेठेतल्या बायका बघून जातात, चुकचुकतात. हीच त्यांना हसवून पाठवते.

९ फेब्रुवारी
जरीनाची प्रॅक्टिकल परीक्षा जवळ आली. आईच्या खाटेशी बसून मोठ्यानं पाठ करते. झुरळाचे भाग तीन — डोकं, छाती, पोट. पाय सहा. श्वास अंगाच्या कडेच्या भोकांतून. कणा नाही, वरचं कवच हाच सांगाडा. कणा कुणाला? मासा, बेडूक, साप, पाखरं, माणूस.
"सापाला कणा हाय?" लालबी.
"हाय की, अम्मी."
"आणि मी पडले झुरळात! बघा वो, तुमची बायको आता कवचावर उभी ऱ्हाणार."
हसलो. मग बाहेर जाऊन उगाच सायकल पुसत बसलो.

१४ फेब्रुवारी
लालबी म्हणते, पाठीत आत कायतरी चालतंय. परीक्षेसाठी डब्यात धरलेली दोन झुरळं काल सुटली होती — जरीनाचं तोंडच उतरलं. गॅरेजमधला लांब स्क्रू ड्रायव्हर आणला. आवाज ऐकायला इंजिनाला लावतो तसाच — टोक प्लॅस्टरला, मूठ कानाला.
"काय वो, पिस्टन का वॉल्व्ह?"
काळजाचा ठोका, बास. बाकी सगळं गप्प. म्हटलं, "अख्ख्या शाहूपुरीत या कानापुढं इंजिन खोटं बोलत न्हाय! झुरळ न्हाय. मनाचा खेळ."
जरीना — "अब्बा, मिरजेला दाखवूया की."
मध्येच कापलं तर पुन्हा पहिल्यापासून तीन महिने! नको म्हणालो.

१७ फेब्रुवारी
अजून चालतंय म्हणते. पुन्हा ऐकलं. काही नाही.

२० फेब्रुवारी
खोलीत वास येतोय. घामाचा असेल — अंघोळ कुठाय बिचारीला! शेजारची हाफिजा आली, पण लालबीनं चेष्टा केली नाही. पुन्हा कान लावायला गेलो, तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तुम्हाला ऐकू येत न्हाय, म्हंजे न्हायच."
संध्याकाळी अंग भट्टीसारखं तापलं. जरीनानं न विचारताच पिशवी भरायला घेतली. सकाळच्या गाडीनं मिरज.

२१ फेब्रुवारी, मिरज
प्लॅस्टर कापलं. लालबीला शुद्ध नाही. आत झुरळ नव्हतं. प्लॅस्टर घासून झालेली तळहाताएवढी जखम, सडलेली. चालत होता तो पू. कण्याचं हाड दिसत होतं.